विकतचं दुखणं, तेही फुकटात!

ऐकलंत का? धडधाकट, चालता-बोलता फोन घ्यायचा, त्याच्या पोटातली सगळी सिस्टिम पुसून काढायची आणि रिकाम्या झालेल्या खोक्यात कुणा अनोळखी पोरानं हॉस्टेलच्या खोलीत बसून बांधलेली दुसरीच सिस्टिम घालायची, असं सध्या चाललंय म्हणे! बरं, कशासाठी? फोन बंद पडत होता? नाही. कुणी गळ घातली होती? नाही. चार पैसे सुटतात? छे, उलट असलेली वॉरंटी जाते. मग ही नसती उठाठेव कशाला? तर म्हणे, फोन ‘आपला’ झाला पाहिजे. अहो, दुकानात रोख मोजून, बिल घेऊन आणला तो कुणाचा होता मग? शेजाऱ्यांचा?

आपल्या वेळी पोरं बिघडायची म्हणजे रीतसर बिघडायची. पत्ते कुटायची, कॉलेज बुडवून मॅटिनीला जायची, पानाच्या टपरीवर उभी राहायची. शिव्या घालताना बापाला निदान शब्द तरी सापडायचे. आता काय बोलणार? पोरगं रात्रभर जागं, डोळे लाल, लॅपटॉपला केबल, केबलला फोन, फोनवर काळा पडदा. आणि दाराला कान लावून उभ्या असलेल्या आईला आतून ऐकू येतं, ‘अरे, रिकव्हरीतसुद्धा जात नाहीये रे!’ कोण सीरियस आहे या धास्तीनं ती बिचारी देवापुढं दिवा लावून येते.

या पंथाची दीक्षा तरी कशी? सेटिंगमध्ये शिरायचं, ‘बिल्ड नंबर’ नावाच्या ओळीवर सात वेळा टिचकी मारायची. सहा चालत नाहीत. सातवी पडली की फोन आपणहून जाहीर करतो, आता तुम्ही डेव्हलपर झालात! झालं! इकडं आईबाप इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या फीपायी कर्ज काढतायत आणि तिकडं सात टिचक्यांत पदवी हातात. मग पोरगं कुणाचं ऐकणार?

पण खरा तमाशा पुढं आहे. बूटलोडर म्हणून एक कुलूप असतं. फोन सुरू होताना कुठली सिस्टिम आत घ्यायची आणि कुठली दारातूनच परत पाठवायची, हे ते ठरवतं. हे कुलूप काढायला अनेकदा कंपनीची परवानगी लागते. आपल्याकडं या खुळाची लागण झाली ती मुख्यतः शाओमीच्या फोनांवरून, आणि शाओमीची तऱ्हा अशी, की अर्ज केला की उत्तर यायचं, १६८ तासांनी या. सात दिवस! मध्येच हुशारी करून खातं काढून पुन्हा जोडलं की घड्याळ परत पहिल्यापासून. पुढं हायपरओएस आलं आणि त्यावर कडी झाली. रोजच्या अर्जांचा कोटा ठरलेला, आणि तो उघडणार बीजिंगच्या मध्यरात्री. म्हणजे आपल्याकडं रात्री साडेनऊला. आता साडेनऊ ही काय वेळ असते हो घरात? ताटं वाढलेली, आमटी निवत चाललेली, आणि घरचा कर्ता मुलगा अंगठा पडद्यावर रोखून सेकंद मोजतोय! साडेनऊ वाजले, अंगठा पडला, आणि निरोप आला, आजचा कोटा संपला. काही महाभाग असेही, की अंगठा कमी पडतो म्हणून ठरल्या क्षणी आपोआप बटण दाबणारी स्क्रिप्टच लिहून ठेवतात. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या फोनचं कुलूप काढायला रांग लावायची, तीही चीनच्या घड्याळानं! काय म्हणावं या माणसांना? (आणि तरी दुसऱ्या दिवशी आपणच विचारतो, ‘काय रे, लागला का नंबर काल?’)

एवढं करून जी वस्तू मिळते, ती देणारे मात्र आधीच हात झटकून मोकळे. ‘रॉम’ म्हणतात या सिस्टिमला. त्यासोबत एक इशारा जोडायची जुनी परंपरा आहे. फोनची वीट झाली, मेमरी कार्ड मेलं, अलार्म न वाजल्यानं तुमची नोकरी गेली किंवा अणुयुद्ध भडकलं, तरी आम्ही जबाबदार नाही. आमच्याकडं बोट दाखवलंत तर आम्ही तुम्हाला हसू. अणुयुद्ध! एका फोनच्या सिस्टिमपायी! आणि पुढं ‘यातले दोष’ असं शीर्षक देऊन खाली काय लिहितात? ‘तुम्हीच सांगा.’ असला माल कुणी घेईल का? घेतात हो, तुटून पडतात. वर नवा बिल्ड, म्हणजे रॉमची नवी आवृत्ती, यायला दोन दिवस उशीर झाला की टेलिग्रामच्या ग्रुपवर गलका करतात. तिथं एकच महापाप आहे, ‘कधी येणार?’ असं विचारणं. विचारलं की हकालपट्टी. परीक्षा तोंडावर आलेल्या, फुकट राबणाऱ्या पोराला जाब विचारता होय?

सिस्टिम आत सरकवतानाचा प्रसंग तर तिकीट लावून दाखवावा. लॅपटॉपवर टक्केवारी चढत जाते. ४५, ४६, ४७, आणि ठप्प. मग एक ओळ उमटते, ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’. पुन्हा वाचा. अपयश, आणि त्याच ओळीत यश! लिनिएजओएस नावाच्या रॉमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत शांतपणे लिहिलंय, की ४७ टक्क्यांवर थांबून असा निरोप आला तरी काम झालेलं असू शकतं. निकाल लावायची ही पद्धत आपल्या विद्यापीठांनी अजून कशी उचलली नाही, नवलच.

मग पहिली सुरुवात. तिला पंधरा मिनिटंही लागू शकतात. तोवर सगळे देव पाण्यात. उघडला तर जितं मया. नाही उघडला तर बूटलूप. कंपनीचा लोगो येतो, जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. शाओमीच्या कितीतरी फोनांत तर फास्टबूट नावाच्या पडद्यावर एक कानटोपीवाला ससा यायचा, अँड्रॉइडच्या हिरव्या रोबोटची डागडुजी करत बसलेला. रात्री दीड वाजता त्या सशाकडं आशेनं टक लावून बसलेला जवान मुलगा ज्यानं पाहिला नाही, त्यानं या खुळाचं काहीच पाहिलं नाही. आणि अगदीच फसलं तर? गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. सकाळी फोन खिशात घालून स्वारी निघते, मुंबईचा असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याचा असेल तर तपकीर गल्ली. दुकानदार फोन उलटा-सुलटा करतो, बटणं दाबून बघतो आणि चष्म्यावरून विचारतो, ‘घरी सॉफ्टवेअर मारलंत का?’ उत्तर ठरलेलं. ‘नाही हो, चार्जिंगला लावला होता, आपोआप झालं.’ दुकानदार काही बोलत नाही. दर मात्र वाढवून सांगतो.

बरं, हे थेर आजचे आहेत असंही नाही. अँड्रॉइडचा पहिलावहिला फोन, टी-मोबाइल जी१, अमेरिकेत २००८च्या ऑक्टोबरात आला आणि महिना उलटतो न उलटतो तोच त्याचं बिंग फुटलं. त्याच्या कीबोर्डवर जे काही टाइप कराल ते पडद्याआडून थेट सिस्टिमचे सर्वाधिकार असलेल्या कप्प्यात जात होतं. एक पठ्ठ्या मैत्रिणीला मेसेज करत होता, त्यात त्यानं ‘रीबूट’ लिहिलं आणि फोन आज्ञाधारकपणे बंद होऊन पुन्हा सुरू झाला! गूगलनं घाईघाईनं ते भोक बुजवलं खरं, पण तोवर लोकांच्या तोंडाला रक्त लागलं होतं.

मग अवतरला स्टीव्ह कोंडिक, आणि त्याचा सायनोजेनमॉड हा रॉम. २००९च्या सप्टेंबरात गूगलच्या वकिलांचं पत्र आलं. अँड्रॉइड खुलं असेल, पण जीमेल, मॅप्स, यूट्यूब आमचं आहे, ते वाटत सुटू नका. पत्र वाचून मंडळी थांबली? थांबतील कशी? सिस्टिम एका झिपमध्ये, गूगलची ॲप्स दुसऱ्या झिपमध्ये, आणि दोन्ही कुठून आणायचं ते ज्याचं त्यानं बघावं. ही पळवाट आज इतक्या वर्षांनीही राजमार्ग आहे.

पुढं व्हायचं तेच झालं. बैराग्यांनी दुकान थाटलं. २०१३ साली सायनोजेनची रीतसर कंपनी झाली, गुंतवणूकदार आले, २०१४ साली वनप्लस वन हा फोन थेट त्यांचीच सिस्टिम घेऊन आला. आणि मग आपल्याकडं काय रंगत आली म्हणता! भारतातले हक्क सायनोजेननं दिले होते मायक्रोमॅक्सला. झालं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात. डिसेंबर २०१४मध्ये वनप्लसच्या विक्रीला मनाई, आठवडाभरानं खंडपीठाकडून दिलासा, आणि त्याच गदारोळात मायक्रोमॅक्सचा यू युरेका हा फोन ८,९९९ रुपयांना हजर. सिस्टिम फुकट, खुली, सगळ्या जगाची, आणि तिच्यावरून दोन कंपन्या कोर्टात एकमेकींच्या झिंज्या उपटतायत! असलं मनोरंजन एरवी मालिकावाल्यांनाही जमत नाही. दोन वर्षांत सायनोजेन कंपनीनं मान टाकली. २०१६च्या नाताळाच्या तोंडावर सेवा बंद करत असल्याचं जाहीर झालं, आणि २४ डिसेंबरला, म्हणजे राख निवायच्या आत, त्याच कोडचं लिनिएजओएस म्हणून बारसंही होऊन गेलं.

यातले पंथ आणि त्यांचं सोवळं हा तर स्वतंत्र विषय. सर्वांत कडक सोवळं ग्राफीनओएसवाल्यांचं. गूगलच्या सेवा मुळात नकोतच, आणि अगदीच लागल्या तर त्यांनी इतर ॲपांच्या पंगतीत मुकाट्यानं बसायचं, विशेष मान नाही. वा! आणि ही सिस्टिम घालायला वर्षानुवर्षं फोन कुठला लागत आलाय? पिक्सेल. तो बनवतं कोण? गूगल! म्हणजे गूगलच्या तावडीतून सुटायचं, तर आधी गूगललाच घसघशीत रक्कम मोजायची. ग्राफीनवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. जुनं कुलूप काढून, आपली सिस्टिम घालून, पुन्हा आपल्याच चावीनं कुलूप लावता येईल असे फोन फार थोडे, आणि सुरक्षेच्या बाबतीत पिक्सेल त्यात उजवा. पटतं हो, पण हसू आवरत नाही त्याला काय करणार? २०१९ साली अमेरिकी सरकारची पाळत चव्हाट्यावर आणणाऱ्या एडवर्ड स्नोडेननं या सिस्टिमचं नाव घेतलं. ज्यांच्या फोनात दुधाचा हिशेब आणि ‘शुभ सकाळ’ची फुलं यांपलीकडं काही नाही, अशी माणसंही आता आवाज खाली आणून सांगतात, ‘पाळत असते हो आपल्यावर.’ बरं, या घराण्यात भाऊबंदकी नसेल असं वाटलं का? आधीच्या कॉपरहेडओएसमध्ये २०१८ साली मालक आणि मुख्य प्रोग्रामर यांचं असं बिनसलं, की प्रोग्रामरनं सिस्टिमवर शिक्कामोर्तब करायच्या डिजिटल चाव्याच नष्ट करून टाकल्या. घ्या आता वाटणी!

मवाळांचं निराळंच. ते मायक्रोजी घालतात. ते गूगलचं नव्हे, पण ॲपांना गूगल घरात आहे असं वाटावं इतपत सोंग वठवतं. उपास आहे, पण साबुदाणा चालतो. आणि याच्याही पलीकडचे भोंदू म्हणजे आपले ते. फोनातून गूगल खरवडून काढलं म्हणून चार लोकांत मिरवतात आणि संध्याकाळी हळूच शोधायला लागतात काय? जीकॅम! गूगलचाच कॅमेरा, दुसऱ्या फोनवर चालेलसा करून घेतलेला. का? तर फोटो छान येतात. काही वर्षं तर तरुण पिढीचा लाडका रॉम होता पिक्सेल एक्सपिरियन्स. त्याचा उद्देशच मुळी दहा-बारा हजारांचा फोन गूगलच्या महागड्या फोनासारखा वाटावा हा. २०२४ साली त्यानं गाशा गुंडाळला, तेव्हा कित्येक ग्रुपांवर सुतक पाळलं गेलं.

यांची भाषासुद्धा सरळ नाही. रेडमी नोट ७ असं म्हणणार नाहीत, म्हणणार ‘लॅव्हेंडर’. नोट ७ प्रो म्हणजे ‘व्हायलेट’, पोको एफ१ म्हणजे ‘बेरिलियम’. कंपनीनं आतल्या कामासाठी दिलेली ही टोपणनावं. एसटीत शेजारच्या सीटवरून ऐकू आलं, ‘माझी लॅव्हेंडर हल्ली फार तापते रे.’ दुसरा म्हणाला, ‘मी तर व्हायलेट विकली, आता बेरिलियमवर खूश आहे.’ पुढच्या बाकावरच्या आजींनी पदर सावरला आणि जागा बदलली.

सगळी फुशारकी उतरते ती किराणा दुकानात. पिशवी भरलेली, मागं रांग, क्यूआर कोड समोर, आणि बँकेचं ॲप म्हणतं, तुमचा फोन सुरक्षित नाही, सबब आम्ही उघडणार नाही. एमआधारसुद्धा रूट केलेल्या, म्हणजे सिस्टिमचे सर्वाधिकार हाती घेतलेल्या, फोनवर चालायला नकार देतं. आता? स्वातंत्र्यवीर खिसे चाचपतात, शेवटी बायकोचा फोन मागतात. घरी आल्यावर रात्री लपवाछपवी सुरू. हा फोन मूळचाच आहे, याचं कुलूप कधी निघालंच नव्हतं, असं बँकेला पटवायचं. त्यासाठी मॅजिस्क नावाचं हत्यार. ते बनवलं २०१६ साली जॉन वू नावाच्या तैवानी तरुणानं. लपण्याची सोय त्यातच होती, आणि इतकी झकास की ॲपवाले कपाळावर हात मारून घेत. मग २०२१ साली हा गुरू गेला कुठं? गूगलमध्ये! अँड्रॉइडच्या सुरक्षेचं काम बघायला! लपवण्याचं खातं त्यानं बंद केलं. शिष्यांनी अश्रू ढाळले आणि दुसऱ्या चोरवाटा शोधल्या. तेव्हापासून हा खेळ चालूच आहे. गूगल एक खिडकी बंद करतं, ही मंडळी दुसरी उघडतात, मधल्या दोन दिवसांत वाण्याची उधारी वाढते.

आणि जिओवाल्यांचे हाल? जिओचं जाळं जुन्या पद्धतीचे कॉल जाणतच नाही, तिथं व्होल्टी लागतं. नव्या रॉममध्ये नेमकं तेवढंच बिघडलेलं. इंटरनेट सुसाट, कॉल मात्र ना जात ना येत. फोन होता तो सगळं झाला, फक्त फोन उरला नाही. वर नेटफ्लिक्स लावावं तर चित्र धुरकट, कारण कुलूप काढल्यावर अनेक फोनांची उच्च दर्जाच्या चित्राची पात्रता जाते. सॅमसंगमध्ये तर आत एक बारीकसा फ्यूजच उडतो, कायमचा. नंतर कितीही गंगास्नानं घाला, मूळची सिस्टिम परत घाला, सिक्युअर फोल्डर नावाचा खासगी कप्पा काही माफ करत नाही.

इतकं सगळं माहीत असून लोक सुधारले का? उलट बाटणाऱ्यांची संख्या बघा! कालपर्यंत पुतण्याला ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ म्हणून हिणवणारे निवृत्त काका आज सकाळच्या फिरण्यात दुसऱ्या काकांना सांगतायत, ‘कालचा बिल्ड बॅटरी खातो, तुम्ही क्लीन फ्लॅश करा.’ मावशी म्हणतात, ‘मला त्यातलं काही कळत नाही बाई,’ आणि त्यांच्या फोनातल्या जाहिराती मात्र कधीच गायब झालेल्या. अगदी मंत्र्यांनाही मोह आवरला नाही. जानेवारी २०२३मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली तयार झालेलं भारओएस दोन केंद्रीय मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर चालवून दाखवलं. तेही अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर उभं.

आणि तुम्ही? हसताय काय? कपाटातला तो जुना रेडमी नोट ४ परवा का बाहेर काढलात? जानेवारी २०१७मध्ये आलेला, कंपनीनं अँड्रॉइड ७ वर आणून सोडलेला. पोरांनी मात्र त्यावर १० चढवलं, ११ चढवलं, १२ही चढवलं. फोन ठणठणीत, फक्त कंपनीचा जीव त्यातून उठलेला. त्या फोनात कुणी बिनपगारी पोरगं रात्री जागून प्राण फुंकणार, आणि तुम्ही तो आणखी चार वर्षं वापरणार? मग नवे फोन विकायचे कुणाला? दुकानांनी, जाहिरातवाल्यांनी, हप्त्यावाल्यांनी काय खायचं? हा केवढा समाजद्रोह! म्हणूनच की काय, दारं आता भराभर लागतायत. सॅमसंगनं २०२५च्या वन यूआय ८मधून कुलूप काढायचा पर्यायच उडवला. त्याच वर्षी गूगलनं जाहीर केलं, की ओळख पटवून न दिलेल्या डेव्हलपरची ॲप्स प्रमाणित फोनांवर सहजी बसू देणार नाही, सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. खूळ हे खूळच, पण ते मोडायला एवढ्या बड्या कंपन्या पदर खोचून उभ्या राहतात, तेव्हा आपल्याला उगीचच त्या लाल डोळ्यांच्या पोरांची बाजू घ्यावीशी वाटते.

तेव्हा करायचंच असेल तर एवढं ऐका. ज्या फोनवर बँक चालते त्याला हात लावू नका, जुना घ्या. फोटो आधी दुसरीकडं ठेवा, कारण कुलूप निघालं की फोन कोरा होतो, आणि हे हजारदा सांगूनही लोक नंतर रडतातच. कंपनीची मूळ सिस्टिम उतरवून हाताशी ठेवा, केबल चांगली वापरा. आणि एवढं करूनही वीट झालीच, तर दुकानदाराला खरं काय ते सांगून टाका. त्याला कळलेलं असतंच.